सव्वादोन टक्के

चहा समोर आला की ते एक घोट घेत आणि कप बशीत ठेवून देत. पुन्हा त्याला हात लावत नसत. मला आधी वाटलं, साखर जास्त होत असेल. तिसऱ्या की चौथ्या भेटीत मी विचारलं, तेव्हा त्यांनी अगदी गंभीरपणे समजावून सांगितलं. हा चहा कंपनीच्या पैशाचा आहे. कंपनीत आमचे शेअर सव्वादोन टक्के आहेत. म्हणजे या कपातला सव्वादोन टक्के चहा आमचा. एक घोट म्हणजे खरं तर थोडा जास्तच होतो, पण तेवढं बाकीचे भागधारक चालवून घेतील. मला हसू आलं. ते हसले नाहीत.

मी तेव्हा माजिवड्याच्या एका जुन्या कारखान्यात कंपनी सेक्रेटरी होते. हे पद सांगितलं की लोकांना वाटतं, ही साहेबांची पत्रं टाइप करत असेल. तसं नसतं. कंपनीच्या सभा बोलावायच्या, सभांची इतिवृत्तं लिहायची, भागधारकांची नोंदवही सांभाळायची आणि सगळं कायद्याप्रमाणे चाललंय असं सरकारला कळवत राहायचं, हे माझं काम. कारखाना पितळी व्हॉल्व्हचा, पाण्याच्या पाइपांना बसतात त्यांचा. कामगार एकशे चाळीस. आणि हायवेपासून दोन मिनिटांवर साडेपाच एकर जमीन. व्हॉल्व्ह विकून कंपनी वर्षभरात जे कमवायची, ते त्या जमिनीच्या किमतीपुढे काहीच नव्हतं. हे अख्ख्या ठाण्याला दिसत होतं, पण सभेत उभं राहून बोलणारा हा एकच माणूस. त्यांना ती जमीन विकून पैसे भागधारकांना वाटायचे होते. मला माझी आणि त्या एकशे चाळीस जणांची नोकरी टिकायला हवी होती. आमच्यात भांडण होतं ते एवढंच, आणि ते अकरा वर्षं पुरलं.

सव्वादोन टक्के हे नाव त्यांना गेटवरच्या वॉचमनने दिलं. पहिल्यांदा ते आले तेव्हा वॉचमनने अडवलं. यांनी त्याला विचारलं, या कारखान्याचा मालक कोण? तो म्हणाला, मोठे साहेब. हे म्हणाले, चूक, मालक मी, सव्वादोन टक्के. वॉचमन मूळचा साताऱ्याकडचा, शांत माणूस. तो म्हणाला, "मग गेट सव्वादोन टक्केच उघडतो, तेवढ्यातून या." ते खरंच त्या फटीतून अंग चोरून आत आले आणि वर येऊन मला म्हणाले की तुमचा वॉचमन हुशार आहे, त्याचा पगार वाढवा. त्याचा पगार काही वाढला नाही. पण तेव्हापासून रिसेप्शनवरची मुलगी मला फोन करून सांगायची, मॅडम, सव्वादोन टक्के आलेत. त्यांना हे नाव माहीत होतं. पुढे त्यांनी अजून शेअर घेतले आणि ते चार टक्क्यांवर गेले, तेव्हा नाव बदलायला हवं अशी आठवणही त्यांनी आम्हाला करून दिली.

शिक्षणाने ते कॉस्ट अकाउंटंट. बरीच वर्षं फोर्टातल्या एका परदेशी फंडाच्या ऑफिसात होते. ती नोकरी का सोडली, हे त्यांनी मला एकदा एका वाक्यात सांगितलं होतं. कारखाना न बघता त्या कारखान्याचा अहवाल लिहायला लावला, म्हणून. मग त्यांनी स्वतःचा फंड काढला. फंड म्हटलं की काचेचं ऑफिस डोळ्यांपुढे येतं. यांचं ऑफिस म्हणजे कोपरीत एका दुमजली घराची मागची खोली, आणि त्या घराचे मालकच फंडातले सगळ्यात मोठे गुंतवणूकदार. त्यांना सगळे दादा म्हणत. दादांच्या घराण्याची पूर्वी मिठागरं आणि भातशेती होती. ती बिल्डरांकडे गेली, पैसा आला आणि त्याचं काय करायचं हा प्रश्न पडला. दादांसारखीच आणखी सात-आठ घरं होती. सभेला दादा पांढरेशुभ्र कपडे घालून यायचे आणि पहिल्या रांगेत बसून शांत झोपायचे. एकदा मी त्यांना विचारलं, तुम्ही इतका पैसा यांच्या हातात कसा दिलात? तर म्हणाले, "आमचा पैसा बँकेन ठेवला त झोपतंय. यांचेकरं दिला त भांडाला जातंय."

आणि भांडण त्यांना छान जमायचं. हे काही मी कौतुकाने म्हणत नाही. कल्याणकडच्या एका बिस्किट कंपनीत अध्यक्षांचा मुलगा कंपनीच्या फ्लॅटमध्ये सहा वर्षं फुकट राहत होता, त्याला यांनी बाहेर काढलं. एका रंगाच्या कंपनीत यांना संचालक म्हणून निवडून यावं लागलं. निवडून आल्यावर पहिल्याच बैठकीत संचालकांचं हॉटेलातलं जेवण बंद केलं. पुढच्या बैठकीला सगळे आपापला डबा घेऊन आले. दोघांनी राजीनामा दिला. दोन वर्षांत त्या कंपनीची पडीक जागा विकली गेली, भागधारकांना पैसे मिळाले आणि हे तिथून बाहेर पडले. एकदा आत शिरले की ते काय करतात, हे त्यामुळे आम्हाला पक्कं ठाऊक होतं.

त्यांची काम करायची पद्धत अजब होती. कुठल्याही कंपनीचे शेअर घेण्याआधी ते आठ दिवस तिच्या गेटसमोर बसायचे. आमच्यासमोर एक चहाची टपरी होती. तिथल्या बाकड्यावर बसून किती टेम्पो भरून बाहेर गेले, किती रिकामे आले, कामगार वेळेवर येतात का, साहेबांची गाडी कधी येते, हे सगळं ते वहीत लिहून ठेवायचे. टपरीवाल्याला वाटलं, इन्कमटॅक्सचा माणूस आहे. त्याने आठ दिवस चहाचे पैसे घेतले नाहीत. नवव्या दिवशी यांनी त्याला बत्तीस चहांचे पैसे मोजून दिले आणि त्याचा गैरसमज दूर केला. नंतर सभेत त्यांनी विचारलं की अहवालात माल एवढा गेलाय असं लिहिलंय, पण टेम्पो तर तेवढे गेले नाहीत, मग माल चालत गेला का? साहेब, म्हणजे आमचे अध्यक्ष, म्हणाले की आम्ही गुणवत्तेवर भर देतो. त्यावर यांचं ठरलेलं वाक्य असायचं: हे उत्तर त्या प्रश्नाचं नाही. आवाज कधी चढायचा नाही. तेच वाक्य ते तीनदा, चारदा, पाचदा म्हणायचे. मागच्या रांगेतले लोक समोशाची वाट बघत बसलेले असायचे, ते वैतागून ओरडायचे, काका बसा आता. ते बसायचे नाहीत.

त्यांची पत्रं यायची ती मीच उघडायचे. स्वच्छ मराठीत, हाताने लिहिलेली, पानांना क्रमांक घातलेले. संचालकांसाठी मी त्यांचा दोन ओळींचा सारांश करायचे. सुरुवातीला त्या पत्रांनी माझं डोकं उठायचं. नंतर खरं सांगायचं तर मला ती आवडायला लागली. आमच्या वार्षिक अहवालात मी स्वतः केलेल्या चुका त्यांनी दाखवल्या आहेत. तेवीस वर्षांच्या नोकरीत माझं काम इतक्या मन लावून वाचणारा दुसरा माणूस मला भेटला नाही. साहेब तर सही करायची जागा शोधायचे आणि सही करायचे. हे मी कुणाला बोलून दाखवलं नाही, पण नवीन अहवाल छापून आला की माझ्या मनात पहिला विचार यायचा, सव्वादोन टक्के काय म्हणतील.

त्यांच्या वागण्याला एक त्रासदायक गाठ होती. जे लेखी दिलं, ते सांगून झालं, असं ते मानायचे. मग पुन्हा तोंडाने बोलायचे नाहीत. काही विचारलं तर दोनच शब्द: पत्रात आहे. त्यांच्या बायकोने मला एकदा हसत हसत सांगितलं होतं की लग्नाआधी यांनी एक पत्र पाठवलं होतं, त्यात आपल्या स्वभावाचे दोष लिहिले होते, आणि आता चाळीस वर्षांनी कशाबद्दल तक्रार केली की म्हणतात, तुला लेखी कळवलं होतं.

आता सह्यांची गोष्ट सांगते, कारण सगळं तिथूनच फिरलं.

एका वर्षी सभेत कागदी मतपत्रिकांवर मतदान होतं. मोबाइलवरून मत देता येतं, पण आमचे जुने भागधारक बहुतेक सत्तरीच्या पुढचे. ते सभेला येऊन कागदावरच मत देत. मोजणी झाली, साहेबांचा ठराव पास झाला. दुसऱ्या दिवशी हे माझ्या टेबलापाशी आले आणि खिशातून वर्तमानपत्राचं एक कात्रण काढलं. साहेबांच्या आत्याच्या निधनाची बातमी. कात्रण दोन वर्षांपूर्वीचं होतं, आणि आत्याबाईंनी काल मत दिलं होतं. सहीसुद्धा चांगली ठसठशीत होती. मी कपाळाला हात लावला. साहेबांच्या घरातल्या कुणीतरी उत्साहाच्या भरात ती केली होती.

तो प्रकार निस्तरायला मला चार महिने लागले. यांनी पत्रावर पत्र लिहून एक नियम मान्य करून घेतला. यापुढे प्रत्येक कागदी मतपत्रिकेवरची सही नोंदवहीतल्या जुन्या सहीशी ताडून बघायची. जुळली नाही तर मत बाद. माणूस ओळखीचा आहे, असं कंपनी सेक्रेटरीने लेखी दिलं तरच ते धरायचं. साहेब नाइलाजाने हो म्हणाले. मला नियम बरा वाटला.

त्यानंतर तीन वर्षांनी ते आमच्या कंपनीत संचालकपदासाठी उभे राहिले.

अर्जासोबत एक लांबलचक पत्र होतं. निवडून आल्यावर जमीन कशी विकायची, किती दिवसांत, कोणत्या टप्प्यांनी, याची योजना. ते त्यांनी स्वतः आणून दिलं. वार्षिक सभेच्या आधीचा महिना होता तो, माझ्या टेबलावर मोकळी जागा म्हणून नव्हती. मी पहिल्या पानावर आवक शिक्का मारला, सही केली, तारीख घातली. यात नवीन काय आहे, असं विचारलं. ते म्हणाले, "पत्रात आहे." मी पहिलं पान वाचलं. त्यात जमिनीचं क्षेत्रफळ, रेडीरेकनरचा सरकारी दर, अपेक्षित किंमत. पुढे काय असणार हे मला माहीत आहे असं वाटलं, अकरा वर्षं दुसरं काय ऐकत होते मी? संचालकांसाठी दोन ओळी लिहिल्या: अर्जदार जमीन विकून उत्पादन बंद करण्याच्या बाजूचे आहेत. आणि फाइलला लावलं.

त्या दोन ओळी दुसऱ्या दिवशी कारखान्यात पोचल्या. कशा पोचल्या, ते मला विचारू नका. युनियनच्या बोर्डावर त्या लागल्या, कामगारांनी काळ्या फिती लावल्या. मशीनवरचा एक जण मला जिन्यात गाठून म्हणाला, "मॅडम, माझी पोरगी बारावीला आहे. तो म्हातारा आत आला तर मी कुठे जाऊ? आता या वयात कोण घेणार मला?" मी त्याला म्हटलं, काही होणार नाही. असं म्हणायचा मला काय अधिकार होता कोण जाणे, पण म्हटलं खरं. त्यानंतर मला नीट झोप लागली नाही. मलाही या वयात कोण घेणार होतं?

साहेबांच्या घराण्याकडे जेमतेम एक तृतीयांश शेअर होते. बाकीचे विखुरलेले. त्यातले बरेच निवृत्त कामगारांकडे, कारण फार पूर्वी एका वाईट वर्षी साहेबांच्या वडिलांनी बोनसऐवजी शेअर दिले होते. ही सगळी माणसं डोंबिवली, कल्याण, ठाकुर्लीकडे राहतात. सव्वादोन टक्क्यांनी तो महिना त्यांच्या घरी जाण्यात घालवला. लिफ्ट नसलेल्या चौथ्या मजल्यावर धापा टाकत चढायचे, पाणी मागायचे, आणि सगळी देणी भागवून तुमच्या शेअरमागे अंदाजे इतके मिळतील, असा आकडा सांगायचे. बस. जास्त बोलणं नाही. ज्याचा जो प्रश्न त्याला तेवढंच उत्तर. कुणाला गुडघ्याचं ऑपरेशन करायचं होतं, कुणाच्या घराचा हप्ता मुलाला झेपत नव्हता. ती माणसं सभेला यायला तयार झाली.

सभा नौपाड्यातल्या एका हॉलमध्ये होती. दारापाशी टेबल टाकून मी बसले होते. निवृत्त मंडळी रिक्षांनी आली, काठ्या टेकत, एकमेकांना धरून. बहुतेकांना मी नावाने ओळखत होते. फाउंड्रीचे मिस्त्री आले, कल्याणहून. मी नोकरीला लागले तेव्हा ते निवृत्तीला आले होते. मला पहिल्यांदा भट्टी त्यांनीच दाखवली होती, डोळ्यांना काळी काच लावून. आता हात थरथरत होते. मतपत्रिकेवर सही करायला ते माझ्याच टेबलावर वाकले. "बाई, कागद जरा धरा, पळतोय," म्हणाले. मी धरला. त्यांनी सही केली, म्हणजे एक वेडीवाकडी रेघ ओढली आणि तिच्याखाली दुसरी. मग माझ्याकडे बघून ओशाळं हसले. म्हणाले, पूर्वी माझी सही बघून लोक विचारायचे, शाळेत मास्तर होतात का.

मोजणी संध्याकाळी हॉलच्या मागच्या खोलीत झाली. मतं तपासायला बाहेरचा माणूस नेमतात, तसे एक गृहस्थ आले होते. नियमावर बोट ठेवून चालणारे. त्यांनी नोंदवहीतल्या जुन्या सह्यांशी सगळ्या मतपत्रिका ताडून पाहिल्या आणि एक गठ्ठा वेगळा काढला. एकतीस मतपत्रिका. सगळ्या निवृत्त कामगारांच्या. चाळीस वर्षांपूर्वीची सही आणि आताची सही, जुळणार कशी? तो गठ्ठा धरला तर सव्वादोन टक्के निवडून येत होते. नाही धरला तर थोडक्यात पडत होते. गृहस्थांनी चष्मा काढून मला विचारलं, "मॅडम, या लोकांना तुम्ही ओळखता का? लेखी देत असाल तर धरतो."

सगळ्यात वर मिस्त्रींची मतपत्रिका होती. मी त्या दोन रेघांकडे बघितलं. मला जिन्यातला तो माणूस आठवला, त्याची बारावीतली मुलगी आठवली, माझ्या घराचं भाडं आठवलं.

मी म्हटलं, "सह्या जुळत नाहीत."

वाक्य खरं होतं. त्यांनी मान हलवली आणि गठ्ठ्यावर 'बाद' लिहिलं. मला इतकं हलकं वाटलं की माझीच लाज वाटली.

निकाल लागल्यावर कामगारांनी हॉलबाहेर पेढे वाटले. सव्वादोन टक्क्यांनी बाद मतपत्रिकांची यादी मागून घेतली, उभ्या उभ्या वाचली आणि परत दिली. दादा झोपेतून उठले होते, कोर्टात जायचं का म्हणून विचारत होते. हे म्हणाले, नियम मी आणलाय, आता तो मला नको कसा होईल. मग माझ्याकडे बघून नेहमीसारखी मान लववली आणि पायऱ्या उतरून गेले. त्यानंतर ते आमच्या सभेला आले नाहीत. आमच्या अहवालातल्या चुका मग तशाच छापल्या जाऊ लागल्या.

पुढची दोन वर्षं मी थोडक्यात सांगते, कारण ती आठवायचाही मला कंटाळा येतो. साहेबांनी निवृत्त कामगारांकडून शेअर गोळा करायला सुरुवात केली. निवडणूक हरल्यावर त्या लोकांचा धीर सुटला होता. मिळेल त्या भावात ते देऊन टाकत होते, आणि त्यांच्या सह्या तेव्हा मात्र सगळ्या जुळत होत्या, कारण तिथे मी लेखी देत होते. पुरेसे शेअर हातात आले, म्हणजे पैसा आता बहुतेक घरातच येणार होता, तेव्हा साहेबांनी जमीन विकायला काढली. ठरावाची नोटीस मीच तयार केली. कामगारांना कायद्यात बसेल तेवढी कमीत कमी भरपाई, तीही हप्त्यांनी. युनियनने बोर्डावर काय काय लावलं, फिती लावल्या, गेटवर बसले. एका सकाळी गेटला दुसऱ्याच कंपनीचा वॉचमन आला. जिन्यात भेटलेला तो माणूस आता घोडबंदरला एका सोसायटीत सिक्युरिटीला आहे. मला तीन महिन्यांचा पगार मिळाला. सध्या मी नौपाड्यात एका ऑफिसात बसून दुसऱ्यांच्या कंपन्यांचे फॉर्म भरते.

मागच्या दिवाळीनंतर मी डोंबिवलीला सव्वादोन टक्क्यांच्या घरी गेले. का गेले, हे मला नीट सांगता येणार नाही. पोटातलं कुणाला तरी सांगून मोकळं व्हायचं होतं, आणि बहुतेक त्यांनी चिडावं असंही वाटत होतं. दुसरा मजला, दोन खोल्या. दार काकूंनी, त्यांच्या बायकोने, उघडलं. आत भिंतीला लागून वार्षिक अहवालांचे ढीग, त्यातून जायला पायवाटेएवढी जागा. फंड त्यांनी बंद केला होता, सगळ्यांचे पैसे परत करून. ते अहवालांना दोऱ्या बांधत होते. बारीक झाले होते. "या सेक्रेटरीबाई," म्हणाले, आणि एक ढीग हलवून मला खुर्ची मोकळी करून दिली.

मी सगळं सांगितलं. मिस्त्रींनी माझ्यासमोर सही केली, कागद मी धरला होता, मला विचारलं की ओळखता का आणि मी म्हटलं सह्या जुळत नाहीत.

"हे उत्तर त्या प्रश्नाचं नाही," ते म्हणाले. पण हळू म्हणाले. मग म्हणाले की मिस्त्रींनी त्यांना त्याच रात्री फोन करून हे सांगितलं होतं.

मी विचारलं, मग तक्रार का केली नाहीत? ते म्हणाले, लेखी पुरावा नव्हता. आणि हातातल्या दोरीची गाठ मारत राहिले.

मला तेव्हा राग आला. त्यांचा शांतपणा मला सोसवेना. मी म्हटलं, तुम्ही निवडून आला असतात तरी हेच झालं असतं. कारखाना बंदच झाला असता, लोक रस्त्यावरच आले असते. साहेबांनी केलं ते तुम्ही दोन वर्षं आधी केलं असतंत, एवढंच. मी तुम्हाला पाडलं ते त्या लोकांसाठी.

ते म्हणाले, "कारखाना बंद झाला असता, हो." मग उठले, खिडकीजवळच्या एका ढिगातून एक फाइल ओढली आणि माझ्या हातात दिली. त्यांच्या पत्राची झेरॉक्स होती. पहिल्या पानावर माझा आवक शिक्का, माझी सही, तारीख. त्यांनी पानं उलटली आणि नवव्या पानावर बोट ठेवलं.

जमिनीचे पैसे आले की भागधारकांना एक रुपया द्यायच्या आधी प्रत्येक कामगाराला पाच वर्षांचा पूर्ण पगार. ज्यांना काम करायचंय त्यांच्यासाठी अंबरनाथला भाड्याची शेड, निम्मी मशीनं तिकडे. शेडचा पत्ता होता, भाडं होतं. एकशे चाळीस जणांची नावं होती, विभागवार, प्रत्येकाच्या नावापुढे रक्कम. शेवटी ऑफिसच्या लोकांची यादी होती, तिच्यात माझं नाव सहावं होतं.

मी माझ्या नावापुढची रक्कम पुन्हा वाचली. ते समजावल्यासारखे सांगायला लागले की यात दयाबिया काही नाही, कामगारांना आधी दिलं नाही तर ते कोर्टात जातात, जमीन पंधरा वर्षं अडकते आणि भागधारकांच्या हाती काही लागत नाही. साधा हिशोब आहे.

"तुम्ही हे कुणाला सांगितलं का नाही?" मी विचारलं. "युनियनला सांगायचंत. सभेत उभं राहून सांगायचंत. सगळ्यांनी तुम्हालाच मत दिलं असतं."

"लेखी दिलं होतं."

"अहो, संचालकांनी ती फाइल उघडूनसुद्धा बघितली नाही."

"संचालक कधीच वाचत नाहीत. ते मला माहीत आहे ना." त्यांनी माझ्या हातातून ती पानं घेतली, क्रमाने लावली, कडा टेबलावर आपटून सारख्या केल्या. "हे मी त्यांच्यासाठी लिहिलंच नव्हतं. मला वाटलं होतं, तुम्ही वाचाल."